पेंटागॉन पेपर्स खुले, पण ग्रँड ज्युरीच्या नोंदी अजून सीलबंद. उघडायच्या कशा?

मोडी_लिपिक

पेंटागॉन पेपर्स (व्हिएतनाम युद्धावरचा अमेरिकी संरक्षण खात्याचा गुप्त अभ्यास, १९७१ मध्ये वर्तमानपत्रांत फुटलेला) १३ जून २०११ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पूर्ण खुले केले. ४७ खंड, सुमारे ७,००० पानं. म्हणजे जे फुटलं ते आज कुणीही घरबसल्या वाचू शकतं. पण ते कुणी आणि कुणाच्या हातून फोडलं हे शोधायला १९७१ मध्ये बोस्टनला ज्या दोन ग्रँड ज्युरी बसल्या, त्यांची दप्तरं अजून बंद आहेत. इतिहासकार जिल लपोर यांनी २०१८ मध्ये ती मागितली. जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, २०२२ मध्ये पहिल्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अपिलांसाठी पाडलेला विभाग) अपील न्यायालयाने तो फिरवला.

इकडे शिकागोत १९४२ च्या फुटलेल्या बातमीवरच्या ग्रँड ज्युरीच्या नोंदी मात्र २०१६ च्या निकालानंतर मिळाल्या. नियम एकच, देश एकच. मग असं का? आणि आज कुणाला बोस्टनचं प्रकरण लिहायचं असेल तर करायचं काय? जाणकारांनी तपशिलात लिहावं, "लोकशाहीत पारदर्शकता हवी" वगैरे नको.

वकीलवाडी

सगळं भांडण फौजदारी प्रक्रियेच्या केंद्रीय नियमांतल्या ६(ई) चं आहे. ग्रँड ज्युरीत १६ ते २३ नागरिक असतात, आरोप ठेवायला त्यातल्या १२ जणांची संमती लागते. न्यायाधीश आत नसतो, साक्षीदाराचा वकीलही नसतो. जे घडतं ते गुप्त. मग त्याच नियमात एक यादी आहे, की कोर्ट अमुक पाच प्रसंगी माहिती उघड करू देऊ शकतं: दुसऱ्या न्यायालयीन कामासाठी, आरोपीला आरोपपत्र रद्द करून घ्यायचं असेल तेव्हा, आणि तीन प्रकार परदेशी, राज्याच्या किंवा लष्करी तपासासाठी सरकारनेच मागितल्यावर. "इतिहास" हा शब्द त्या यादीत कुठेच नाही.

तर प्रश्न एवढाच, की यादी पुरी आहे की नमुन्यादाखल? शिकागोच्या सातव्या सर्किटने २०१६ मध्ये म्हटलं, नमुन्यादाखल, कारण ग्रँड ज्युरी हे कोर्टाचंच अंग आणि तिच्या कागदांवर कोर्टाचा अंगभूत अधिकार आहे. वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किटने २०१९ मध्ये, अकराव्याने २०२० मध्ये आणि बोस्टनच्या पहिल्याने २०२२ मध्ये म्हटलं, यादी पुरी आहे, तिच्याबाहेर न्यायाधीशाने जायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने यात हात घातलेला नाही. त्यामुळे तुमची ग्रँड ज्युरी कुठल्या गावात बसली होती यावर निकाल ठरतो. कागदात काय आहे हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी कोर्टापुढे येतच नाही.

शिळोप्याची_ओसरी

म्हणजे गुपित फोडायचं असेल तर आधी सर्किटचा नकाशा बघून फोडावं, पन्नास वर्षांनी नातवंडांना बरं पडतं.

सातवा_मजला

शिकागोचं प्रकरण सविस्तर लिहितो, ते नीट कळलं की बोस्टनचं अपयशही कळतं.

७ जून १९४२. मिडवेची लढाई नुकतीच संपलेली. शिकागो ट्रिब्यूनने पहिल्या पानावर छापलं की जपानी हल्ल्याची योजना नौदलाला आधीच ठाऊक होती, आणि सोबत जपानी ताफ्यातल्या जहाजांची तुकडीवार यादी दिली. ती यादी पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमित्झ यांच्या ३१ मेच्या गुप्त संदेशाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. संदेश तयार झाला होता जपानी नौदलाची जेएन-२५ सांकेतिक लिपी फोडून. बातमीत लिपीचा उल्लेख नव्हता, पण डोकं असलेल्याला सुगावा लागावा इतकं होतं.

वार्ताहर स्टॅन्ली जॉन्स्टन. कोरल समुद्रात लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका बुडाल्यावर तो बार्नेट या जहाजावरून परत येत होता. लेक्सिंग्टनचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी मॉर्टन सेलिगमन त्याच जहाजावर होते, तिथेच संदेश त्याच्या नजरेस पडला. सरकारने माजी ॲटर्नी जनरल विल्यम मिचेल यांना खास वकील नेमलं आणि ऑगस्टमध्ये शिकागोत ग्रँड ज्युरी बसवली. पण नौदलाने ऐन वेळी हात आखडले. लिपी फोडली हे ज्युरीला सांगितल्याशिवाय नुकसान काय झालं ते सिद्ध होत नाही, आणि सांगितलं तर तेच गुपित आणखी तेवीस जणांना कळतं. ज्युरीने आरोप ठेवले नाहीत.

यात राजकारणही होतं. ट्रिब्यूनचे मालक मॅकॉर्मिक रूझवेल्टचे कट्टर विरोधक, आणि नौदलमंत्री फ्रँक नॉक्स हे शिकागोतल्याच प्रतिस्पर्धी डेली न्यूजचे मालक. सूड की सुरक्षा, हा वाद म्हणून तर सत्तर वर्षं रंगला.

इतिहासकार इलियट कार्लसन आणि काही संस्थांनी २०१४ मध्ये शिकागोच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला, २०१५ मध्ये जिंकले, २०१६ मध्ये अपिलात दोन विरुद्ध एक मतांनी टिकले. कळीची गोष्ट अशी, की सरकारने कबूलच केलं होतं की या नोंदी गुप्त ठेवण्यात आता कुणाचंही हित उरलेलं नाही. भांडले ते फक्त "कोर्टाला अधिकारच नाही" या मुद्द्यावर.

तर्ककर्कश

आणि तो मुद्दा मला तरी बरोबर वाटतो. गुप्तता हा सरकारचा हट्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या डग्लस ऑइल निकालात कारणं मोजून दिली आहेत: साक्षीदारांनी पुढे यावं, मोकळेपणाने बोलावं, ज्याच्यावर आरोप यायचा आहे त्याने पळून जाऊ नये किंवा ज्युरींवर दबाव आणू नये, आणि ज्याच्यावर आरोप ठेवलेच गेले नाहीत त्याची बेअब्रू होऊ नये. शेवटचं कारण माणूस मेल्यावरही संपत नाही. सातव्या सर्किटमध्येही न्यायाधीश साइक्स यांनी विरोधी मत लिहिलं आहे, ते वाचा. यादी नियम करणाऱ्यांनी केली, भर त्यांनीच घालावी.

काळी_शाई

तर्ककर्कश, साक्षीदारांचा मुद्दा जरा सैल आहे. गुप्ततेचं बंधन ज्युरींवर आहे, दुभाष्यावर आहे, लघुलेखकावर, टंकलेखकावर, सरकारी वकिलावर आहे. साक्षीदारावर नाही, आणि यादीबाहेरच्या कुणावर ते लादताही येत नाही असं नियमच म्हणतो. आत काय विचारलं आणि काय सांगितलं हे साक्षीदार बाहेर येऊन पायरीवर उभं राहून सांगू शकतो.

दुसरं, १९४२ मध्ये हा नियम अस्तित्वातच नव्हता. केंद्रीय फौजदारी नियम लागू झाले १९४६ मध्ये. त्याआधी गुप्तता होती ती रूढीची, आणि रूढी सांभाळत होतं कोर्ट.

तर्ककर्कश

साक्षीदार स्वतः बोलला तर तो त्याचा हक्क. त्याच्या शेजाऱ्याने त्याच्याबद्दल काय सांगितलं ते छापून येणं वेगळं. १९४६ चा मुद्दा मान्य, पण बोस्टन १९७१ ला तो लागू पडत नाही.

दफ्तरदार

आता कामाचं. अर्ज लिहायच्या आधी कागद आहेत का ते बघा. यात लोक सगळ्यात जास्त फसतात.

ग्रँड ज्युरीपुढचं कामकाज टिपून ठेवणं १९७९ च्या दुरुस्तीनंतर सक्तीचं झालं. त्याआधी सरकारी वकिलाला वाटलं तर लघुलेखक, नाहीतर नाही. त्यामुळे १९४२ किंवा १९७१ च्या प्रकरणात पूर्ण प्रतिलेख असेलच असं धरू नका. कधी नुसती समन्सं आणि हजेरी सापडते, कधी चार साक्षीदारांपैकी दोघांची जबानी.

शोधायचं तीन ठिकाणी. रेकॉर्ड ग्रुप २१ म्हणजे जिल्हा न्यायालयांची दप्तरं, ११८ म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातल्या सरकारी वकिलांची, आणि ६० म्हणजे न्याय खात्याची. ट्रिब्यूनच्या नोंदी शिकागोला नव्हत्या, मेरीलँडला कॉलेज पार्कच्या अभिलेखागारात होत्या. अभिलेखपालाला पत्र लिहिताना "ग्रँड ज्युरीच्या नोंदी द्या" असं लिहू नका, उत्तर नकाराचंच येईल. प्रकरणाचं नाव, वर्ष, जिल्हा, सरकारी वकिलाचं नाव द्या आणि विचारा की या मालिकेत किती खोकी आहेत, किती पानं ६(ई) खाली काढून ठेवली आहेत. मजकूर नसला तरी अस्तित्व आणि आकार कळला तरी पुष्कळ.

माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली थेट मागितलं तर तिसऱ्या अपवादाखाली नाकारतात, कारण दुसऱ्या कायद्याने गुप्त ठेवलेलं या कायद्याखाली मिळत नाही. पण एखादा कागद ग्रँड ज्युरीला दाखवला म्हणून तो आपोआप गुप्त होत नाही. नौदलाचं अंतर्गत पत्र, तपास यंत्रणेचा अहवाल, वर्तमानपत्राचं कात्रण हे आपापल्या मूळ फायलीत स्वतंत्रपणे मागता येतं. उघड केल्याने ज्युरीचा तपास कुठल्या दिशेने चालला होता ते कळेल का, ही कसोटी.

आणि कृपा करून "डीक्लासिफाय झालंय" हा मुद्दा अर्जात मांडू नका. कागदावरचा "परम गुप्त" शिक्का सरकारी खात्याने मारलेला असतो, खातंच उतरवतं. ग्रँड ज्युरीचं सील वेगळं, ते वेगळ्या किल्लीने उघडतं. धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातली गंमत नेमकी इथूनच आली आहे.

मोडी_लिपिक

दफ्तरदार, हेच हवं होतं. अर्जात नेमकं काय मांडायचं तेही कुणी सांगा. न्यूयॉर्कच्या नऊ निकषांबद्दल वाचलं होतं.

वकीलवाडी

दुसऱ्या सर्किटचा १९९७ चा क्रेग निकाल. हॅरी डेक्स्टर व्हाइट या अर्थखात्यातल्या अधिकाऱ्याबद्दलच्या साक्षी मागितल्या होत्या. निकष असे: मागणारा कोण, सरकारचा किंवा तेव्हाच्या आरोपीचा विरोध आहे का, कशासाठी हवं, नेमकं काय हवं, किती वर्षं झाली, मूळ माणसं आणि त्यांचे कुटुंबीय आज कुठे आहेत, यातलं किती आधीच बाहेर आलंय, रीतसर किंवा चोरून, ज्यांना झळ लागेल असे साक्षीदार हयात आहेत का, आणि गुप्तता ठेवायला आणखी काही खास कारण आहे का.

क्रेग स्वतः हरले बरं का. तत्त्व जिंकलं, अर्जदार हरला.

सर्वात जास्त अर्ज पडतात "नेमकं काय हवं" यावर. "प्रकरणाच्या सर्व नोंदी" असं लिहिलंत की न्यायाधीशाच्या कपाळावर आठी. साक्षीदारांची नावं द्या, तारखा द्या, प्रत्येकासमोर तो आज हयात आहे का आणि नसेल तर मृत्यूचा पुरावा जोडा. त्याने मुलाखतीत, आत्मकथनात, संसदेच्या समितीपुढे आधीच काय सांगितलंय ते जोडा. अन्य इतिहासकारांची प्रतिज्ञापत्रं जोडा, की या कागदांनी अमुक वाद सुटेल. ज्युरींची नावं आणि मतदान मागूच नका.

अर्ज जिथे ग्रँड ज्युरी बसली त्याच जिल्ह्यात करायचा. प्रलंबित खटला नसल्यामुळे तो संकीर्ण बाब म्हणून दाखल होतो, शुल्क सध्या ५२ डॉलर. वकिलाची फी त्यात नाही, हे सांगायला नकोच.

शिळोप्याची_ओसरी

५२ डॉलरमध्ये मिसळ महाग होते तिकडे. संकीर्णला इंग्रजीत जे म्हणतात त्याचंच मराठीत "मिसळ" करायला हवं होतं भाषा संचालनालयाने. (ह. घ्या.)

काळी_शाई

हयात साक्षीदाराच्या निकषाचं उत्तम उदाहरण रोझेनबर्ग प्रकरण, म्हणजे रशियासाठी अणुहेरगिरीच्या आरोपावरून ज्युलियस आणि एथेल या जोडप्याला देहदंड झाला ते. न्यूयॉर्कच्या कोर्टाने २००८ मध्ये बहुतेक साक्षी खुल्या केल्या. एथेलचा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास जिवंत होता आणि त्याने विरोध केला, म्हणून त्याची साक्ष मागे ठेवली. तो २०१४ मध्ये वारला, २०१५ मध्ये साक्ष उघडली. त्याने खटल्यात बहिणीबद्दल जे सांगितलं होतं ते ग्रँड ज्युरीपुढे सांगितलंच नव्हतं, हे त्यातून दिसलं. असा फरक दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडला नसता.

आल्जर हिस प्रकरणातल्या नोंदीही तिथेच १९९९ मध्ये मिळाल्या. परराष्ट्र खात्याचे कागद फुटल्याचं प्रकरण. डिसेंबर १९४८ मध्ये तरुण खासदार रिचर्ड निक्सन त्या ग्रँड ज्युरीपुढे गेले होते. नियतीचा विनोद असा, की वॉटरगेटनंतरची निक्सनची स्वतःची साक्षसुद्धा २०११ मध्ये इतिहासासाठी म्हणूनच खुली झाली.

गोधडी

एक बाळबोध शंका. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरी होती, तिची अशी दप्तरं कुठे असतील का?

दफ्तरदार

गोधडी, ती वेगळी ज्युरी. नानावटीला १९५९ मध्ये ज्या नऊ जणांनी ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं ती खटला ऐकणारी, उघड कोर्टात बसलेली. ग्रँड ज्युरी खटल्याच्या आधीची, आरोप ठेवायचा की नाही एवढंच ठरवणारी.

पण मुंबईत ग्रँड ज्युरीही होती. १८२६ च्या कायद्याने हिंदू आणि मुसलमानांना साध्या ज्युरीत घेतलं, ग्रँड ज्युरीतून वगळलं. त्यावर जी चळवळ झाली तीत नाना शंकरशेट पुढे होते, आणि १८३२ च्या कायद्याने ते दार उघडलं. पुढे १८६५ मध्ये ग्रँड ज्युरीच रद्द झाली. त्यामुळे ६(ई) सारखा पेच आपल्याकडे नाही. आपला अडसर गोपनीयतेच्या १९२३ च्या कायद्याचा. माहिती अधिकाराच्या कलम ८(३) मध्ये निदान वीस वर्षांची रेघ आखलेली आहे, जुन्या घटनांना बहुतेक अपवाद लागत नाहीत. अमेरिकेच्या ६(ई) ला अशी मुदतच नाही, हे त्याचं खरं दुखणं.

तर्ककर्कश

मुदत घालायचा प्रयत्न झाला होता की. २०११ मध्ये न्याय खात्यानेच नियम समितीला सुचवलं होतं, जुन्या नोंदींसाठी रीतसर तरतूद करा म्हणून. समितीने २०१२ मध्ये "गरज नाही, न्यायाधीश आपल्या अधिकारात करतातच आहेत" म्हणून सोडून दिलं. मग डी. सी. सर्किटने तो अधिकारच नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रायर यांनी २०२० मध्ये लिहिलं की समितीने पुन्हा बघावं. समितीने बघितलं, आणि २०२१ मध्ये पुन्हा दुरुस्ती न करण्याचं ठरवलं. मी न्यायाधीशांनी नियम वाकवण्याच्या विरोधात आहे. नोंदी बंदच राहाव्यात असं माझं म्हणणं नाही. टोलवाटोलवी मला तुमच्याइतकीच खटकते.

काळी_शाई

मग आपण एकाच बाजूला आहोत, वेगवेगळ्या खुर्चीवर.

या टोलवाटोलवीत माणसं मरतात. जॉर्जियातल्या मूर्स फोर्डच्या १९४६ च्या झुंडबळीच्या नोंदी मागणारे अँथनी पिच २०१९ मध्ये वारले, आणि २०२० मध्ये अकराव्या सर्किटने आपलाच १९८४ चा जुना निकाल उलटवून नकार दिला.

वकीलवाडी

अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला तर मात्र काम होतं. केनेडी हत्येच्या नोंदींसाठी १९९२ च्या कायद्यात ग्रँड ज्युरीच्या कागदांची वेगळी तरतूद आहे. अगदी ताजं उदाहरण एपस्टीनचं. जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या न्यायाधीशांनी सरकारचाच अर्ज फेटाळला, कारण फ्लोरिडा अकराव्या सर्किटमध्ये आणि हात बांधलेले. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने कायदा केला, डिसेंबरमध्ये तेच कोर्ट "हो" म्हणालं.

मोडी_लिपिक

म्हणजे बोस्टनसाठी वेगळा कायदा किंवा सर्वोच्च न्यायालय, तिसरा रस्ता नाही?

दफ्तरदार

बोस्टनच्या सीलबंद खोक्यांना नाही. पण विषयाला आहे, आणि तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली: पेंटागॉन पेपर्सवर ग्रँड ज्युरी लॉस एंजेलिसलाही बसली होती. पेपर्स फोडणारे डॅनियल एल्सबर्ग यांच्यावर आरोप तिने ठेवले, जून १९७१ मध्ये पहिले आणि डिसेंबरमध्ये त्यांचे साथीदार अँथनी रुसो यांच्यासह सुधारित. रुसो तिच्यापुढे बोलायला नकार देऊन तुरुंगात गेले होते. ते शहर नवव्या सर्किटमध्ये, तिथे पहिल्या सर्किटचा २०२२ चा निकाल बंधनकारक नाही.

शिवाय तिथे खटला उभा राहिला. ११ मे १९७३ ला न्यायाधीश बर्न यांनी तो रद्द केला तोवर सरकारचे साक्षीदार होऊन गेले होते. १९७० च्या दुरुस्तीनंतर खटल्यात सरकारी साक्षीदाराची सरतपासणी झाली की त्याची ग्रँड ज्युरीतली संबंधित जबानी, टिपलेली असेल तर, बचाव पक्षाने मागितल्यावर द्यावी लागते. म्हणजे त्या साक्षींच्या प्रती बचावाच्या वकिलांच्या हाती पडल्याची शक्यता बरीच. आधी खटल्याचं दप्तर रेकॉर्ड ग्रुप २१ मध्ये पाहा. मग एल्सबर्ग यांचे खासगी कागद पाहा, ते २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ॲमहर्स्टला घेतले. १९७१ चे कागद पेसरवर (केंद्रीय न्यायालयांचं ऑनलाइन दप्तर) मिळणार नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

बोस्टनच्या बाजूने जे उघड कोर्टात आलं तेही थोडं नाही. पेपर्स संसदेच्या नोंदीत आणणारे सिनेटर ग्रॅव्हेल यांच्या सहायकाला समन्स निघालं आणि प्रकरण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. हार्वर्डचे सॅम्युएल पॉपकिन उत्तरं नाकारून नोव्हेंबर १९७२ मध्ये तुरुंगात गेले, ज्युरी बरखास्त झाली तेव्हा सुटले. समन्सविरोधी अर्ज, अवमानाचे आदेश, अपिलांचे जोडकागद यांत ज्युरीने कुणाला काय विचारलं ते ठिकठिकाणी उद्धृत असतं. हे सगळं सार्वजनिक.

मोडी_लिपिक

लॉस एंजेलिस डोक्यातच नव्हतं. म्हणजे क्रम असा: खटल्याचं दप्तर, ॲमहर्स्ट, ग्रॅव्हेल आणि पॉपकिनची अपिलं, आणि त्यातून जी साक्षीदारांची यादी हाती येईल ती जोडून लॉस एंजेलिसला अर्ज.

वकीलवाडी

बरोबर. आणि अर्जात शिकागोबरोबर बोस्टनचा निकालही स्वतःहून सांगा. विरोधात जाणारा निकाल लपवलात तर सरकारी वकील तो पहिल्याच पानावर काढेल.

शिळोप्याची_ओसरी

वाचनखूण साठवली. ॲमहर्स्ट बोस्टनपासून दीडशे किलोमीटरच्या आतच आहे ना? कोर्टाने नाही म्हटलं ते तासा-दोन तासांवरच्या लायब्ररीत निघालं तर धाग्याचं शीर्षक बदला.

दफ्तरदार

ओसरी, तिथे निघालं तर लॉस एंजेलिसचं निघेल. बोस्टनचं नाही. शीर्षक राहू द्या.